झाकणाखालचे पाणी

ऊर्ध्वपातित पाणी म्हणजे उकळून त्याची वाफ केलेले आणि ती वाफ पुन्हा थंड करून गोळा केलेले पाणी. विरघळलेले क्षार वाफेबरोबर वर जात नाहीत, भांड्याच्या तळाशीच राहतात. गॅरेजात आणि घरात त्याला ‘डिस्टिल्ड वॉटर’ किंवा नुसते ‘बॅटरीचे पाणी’ म्हणतात. शाळेच्या प्रयोगवहीत याची आकृती काढताना मुले बर्नर आणि चंबू मन लावून काढतात आणि वाफ थंड करणारी नळी घाईत उरकतात. या तंत्राचा इतिहास मात्र मुख्यतः त्या नळीचाच आहे. पाणी उकळायला चूल आणि मडके पुरते. वाफ निसटू न देता तिचे पुन्हा पाणी करणे ही खरी अडचण होती, आणि घरी ऊर्ध्वपातित पाणी करू पाहणाऱ्याला ती आजही पहिल्या दहा मिनिटांत भेटते.

कारण उष्णतेच्या हिशेबात आहे. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायला ७५ कॅलरी लागतात. त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. वाफेचे पाणी होताना या ५४० कॅलरी तशाच बाहेर पडतात आणि त्या कोणीतरी शोषून घ्याव्या लागतात. थंड करणारे पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापू दिले, तरी एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यासाठी त्याचे अठरा-वीस लिटर खर्ची पडतात. जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगो येथे १७६० च्या दशकात या ‘अप्रकट उष्म्या’चे मोजमाप केले. भट्टीवाल्यांना मात्र तो आकडा ठाऊक नसताना पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने कळलेला होता. विस्तव एकदा पेटवून सोडता येतो, गार पाणी सतत बदलावे लागते.

समुद्राच्या वाफेचे पाणी गोड असते, हे इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने हवामानावरील आपल्या ग्रंथात नोंदवले. इ.स. चौथ्या शतकात कॅसेरियाचा बिशप बॅसिल दर्यावर्दी लोकांची एक रीत सांगतो. ते समुद्राचे पाणी उकळत, वाफेत स्पंज धरत आणि तो पिळून तहान भागवत. स्पंज हाच इथला शीतक. त्यातून किती पाणी मिळत असेल ते उघड आहे, पण वाफेला अडवणारा एक थंड पृष्ठभाग हवा ही कल्पना त्यात पुरती आलेली आहे. इ.स. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीझ हिंगुळापासून पारा काढताना भांड्यावर पालथ्या ठेवलेल्या टोपणाला ‘अम्बिक्स’ म्हणतो. अलेक्झांड्रियाच्या किमयागारांनी, विशेषतः जिचे वर्णन झोसिमोस या किमयागाराने नोंदवून ठेवले त्या मारिया नावाच्या स्त्रीने, टोपणाला नळ्या जोडल्या. ‘अम्बिक्स’ला अरबी ‘अल्’ लागून ‘अल्-अन्बीक’ झाले आणि युरोपात तेच ‘अलेम्बिक’ म्हणून परतले. सगळ्या यंत्राला नाव मिळाले ते झाकणाचे. खालच्या भांड्याची कोणी आठवण ठेवली नाही.

मराठीत रुळलेल्या ‘अर्क’ शब्दाची गोष्टही अशीच आहे. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य, तसेच रुईचे झाड. वाफेतून काढलेले सत्त्व हा अर्थ मात्र अरबी ‘अरक’ या शब्दातून आला, आणि त्याचा मूळ अर्थ घाम. थंड झाकणाच्या आतल्या बाजूला फुटणारे थेंब ज्याने पाहिले आहेत, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. मराठीत दारूही ‘गाळतात’ आणि विहिरीचे पाणीही फडक्याने ‘गाळतात’. दोन अगदी वेगळ्या क्रियांना भाषेने एकच क्रियापद दिले.

भारतात हे तंत्र किती जुने, यावर मतभेद आहेत. तक्षशिलेच्या उत्खननात जॉन मार्शल यांना मातीची भांडी आणि नळीसारखे भाग मिळाले, आणि त्यांची जुळणी वाफ थंड करण्याच्या साधनासारखी करता येते. एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये अशाच अवशेषांवरून ऊर्ध्वपातनाचे आद्य घर भारतच असावे अशी मांडणी केली. सर्वच अभ्यासकांनी ती मान्य केलेली नाही. ग्रंथांचा पुरावा अधिक ठाम आहे. साधारण तेराव्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात यंत्रांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यातल्या तिर्यक्पातन यंत्रात एका घटाला लांब नळी तिरकी बसवतात आणि तिचे टोक दुसऱ्या घटाच्या पोटात सोडतात. सांधे कापड-मातीने लिंपतात, पहिल्या घटाखाली प्रखर अग्नी देतात आणि दुसरीकडे गार पाण्याची योजना करतात. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा ही यंत्रे आधुनिक वाचकांसमोर आली.

या यंत्रांतून पाहिजे होता पारा, सुगंध, औषध किंवा मद्य. नुसते पाणी कोणालाच नको होते. विहीर दाराशी असताना लाकूड जाळून पाण्याचेच पाणी कोण करील? तरीही नुसते पाणी हा उद्देश नसताना ऊर्ध्वपातित पाणी घरोघर पोचले होते, ते गुलाबपाण्याच्या रूपाने. पाकळ्या पाण्यात घालून उकळल्या की वाफेबरोबर सुगंधी तेलाचा अगदी अल्प अंश येतो. बाकी सगळे ऊर्ध्वपातित पाणीच. नवव्या शतकातल्या अल्-किंदीच्या नावावर सुगंधी द्रव्ये काढण्याच्या कृतींचा ग्रंथ आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये आजही तांब्याची देग, बांबूची नळी आणि पाण्याच्या हौदात बुडवलेला ‘भपका’ अशी जोडणी चालते. भपका ज्या हौदात असतो त्याचे पाणी तापले की बदलावे लागते, आणि कारागिराचे कसब आगीइतकेच त्या पाण्यावर हात ठेवून पाहण्यात असते. लग्नात आणि हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून जे शिंपडले जाई ते रसायनाच्या दृष्टीने जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणीच होते. लहान मुलाचे पोट दुखले की देत तो ओव्याचा अर्कही त्याच जातीचा.

घरगुती पद्धतीचे सर्वांत स्पष्ट जुने वर्णन सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आईन-इ-अकबरी’त सापडते, तेही उसाच्या दारूच्या संदर्भात. ग्रंथकर्ता अबुल फजल तीन रीती देतो. पहिलीत मोठ्या भांड्यात आंबवलेला रस घालून मधोमध एक वाटी हलणार नाही अशी ठेवतात. वर पालथे झाकण बसवून सांधे मातीने लिंपतात आणि झाकणावर गार पाणी ओततात. ते कोमट झाले की बदलतात. आतली वाफ थंड झाकणाला लागून तिचे थेंब वाटीत पडतात. दुसऱ्या रीतीत मडक्याला दोन नळ्या जोडून त्यांची टोके गार पाण्यात उभ्या केलेल्या घागरींत सोडतात. तिसरीत झाकणाखाली पोकळ दांड्याचा मोठा डाव धरलेला असतो. झाकणाखाली जमलेले थेंब डावात पडतात आणि दांड्यातून बाहेर वाहतात. आज पातेले, वाटी, उलटे झाकण आणि वर बर्फ अशी जी ‘घरगुती युक्ती’ सांगितली जाते, ती अबुल फजलच्या पहिल्या रीतीत एका पदार्थाचीही भर घालत नाही. फक्त गार पाण्याच्या जागी फ्रिजमधला बर्फ आला.

याच जोडणीला महाराष्ट्रात हातभट्टी म्हणतात. गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाची फेणी पूर्वी ‘भान’ नावाच्या मातीच्या भांड्यात उकळत आणि तिची वाफ ‘लावणी’ नावाच्या दुसऱ्या भांड्यात धरत. लावणीवर पाणी ओतून ती गार ठेवावी लागे. पुढे तांब्याचे वेटोळे पाण्याच्या टाकीत बुडवले जाऊ लागले आणि ओतण्याचे काम वाचले. साधन एकच असल्याने कायद्याची नजरही त्यावर आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये मद्य तयार करण्यासाठी भट्टी किंवा तिची उपकरणे परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. पाण्यासाठी केलेली जोडणी आणि दारूसाठी केलेली जोडणी यांत फरक फक्त आतल्या द्रवाचा असतो.

निव्वळ पाण्यासाठी ऊर्ध्वपातन करण्याची निकड प्रथम समुद्रावर आली. १५९३ च्या सुमारास दक्षिण समुद्राकडे निघालेल्या रिचर्ड हॉकिन्सने जहाजावर समुद्राचे पाणी असे गोडे करून खलाशांना पाजल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात यावर एकस्वे निघाली. तेव्हाची समजूत अशी, की नुसत्या उकळण्याने भागत नाही, काहीतरी गुप्त पदार्थ घालावा लागतो. स्कर्व्हीवरील कामामुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स लिंडने १७६० च्या दशकाच्या आरंभी दाखवले, की काहीही न घालता समुद्राच्या पाण्यापासून पिण्याजोगे पाणी मिळते. अमेरिकेत १७९१ मध्ये जेकब आयझॅक्स नावाच्या माणसाने आपल्या गुप्त मिश्रणासाठी सरकारकडे बक्षीस मागितले. परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांनी प्रयोग करवले आणि मिश्रणाने काही फरक पडत नाही असा अहवाल दिला. गुप्त पदार्थांचे दुकान त्यानंतर हळूहळू बंद झाले.

बक्षीस मिळाले ते चार्ल्स आयर्व्हिंगला, १७७२ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटकडून पाच हजार पौंड. त्याच्या साधनात जहाजाच्या स्वयंपाकाच्या हंड्याला एक लांब रुंद नळी जोडलेली होती, आणि ती गार ठेवायला एक खलाशी ओला पोछा घेऊन बाहेरून सतत पुसत राही. पाच हजार पौंडांच्या शोधातला कळीचा भाग पोछा होता, हे हसण्यासारखे वाटले तरी युक्ती पक्की होती. पुसलेल्या पाण्याचे बाष्प होताना तेही उष्णता घेऊन जाते, त्यामुळे थोड्या पाण्यात बराच गारवा मिळतो. माठाचे तत्त्व तेच. हे साधन जेम्स कुकच्या १७७२ ते १७७५ च्या दुसऱ्या सफरीत होते. कुकला ते उपयोगी वाटले, पण केवळ त्याच्या भरवशावर कोणी निघू नये असा त्याचा सल्ला होता.

वाफेवर चालणाऱ्या बोटी आल्यावर चित्र पालटले, कारण बोटीवर बॉयलर आणि कोळसा आधीच होता आणि थंड करायला अख्खा समुद्र. याच काळात हे तंत्र मुंबईच्या कारभारात शिरले. एडन १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने घेतले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. तिथे पाऊस क्वचित आणि विहिरी अपुऱ्या. डोंगराच्या कुशीतली प्राचीन टाकी दुरुस्त करूनही गरज भागेना. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर बोटींची वर्दळ वाढली आणि समुद्राच्या पाण्याची वाफ करून पाणी देणारी ‘कंडेन्सर’ यंत्रे एडनची जीवनवाहिनी ठरली. कोळसाही बाहेरून बोटींनी यायचा, म्हणजे एडनमध्ये पाणी पिणे हे एका अर्थाने कोळसा पिणेच होते.

जमिनीवर या पाण्याची खरी मागणी प्रयोगशाळेने निर्माण केली. पाणी वारंवार ऊर्ध्वपातित केले तरी भांड्यात थोडी पांढरी माती उरते, म्हणून पाण्याची माती होते असे अठराव्या शतकापर्यंत अनेक विद्वान मानत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७६८-६९ मध्ये बंद काचपात्रात पाणी सतत १०१ दिवस तापवले. पाण्याचे वजन बदलले नाही, पात्राचे मात्र घटले. माती पाण्यातून नव्हे, काचेतून आली होती. १७७१ मध्ये क्रिस्टियान वायगेल यांनी नळीभोवती दुसरी नळी बसवून तीतून वाहते पाणी सोडण्याची कल्पना काढली. ती लोकप्रिय करणाऱ्या युस्टुस लीबिख यांच्या नावाने हा शीतक आज शाळांत ओळखला जातो. वायगेल बिचारे पाठ्यपुस्तकाबाहेर राहिले. वाहते पाणी आले आणि पोछावाला, पाणी बदलणारा, लावणीवर पाणी ओतणारा या सगळ्यांची गरज संपली.

वैद्यकाने आणखी एक धडा शिकवला. विसाव्या शतकाच्या आरंभी शिरेतून औषध दिल्यावर रोग्यांना कधीकधी अकारण ताप येई, तोही ऊर्ध्वपातित पाणी वापरूनसुद्धा. फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३ च्या सुमारास याचे मूळ पाण्यात वाढलेल्या जिवाणूंच्या अवशेषांत असल्याचे दाखवले. उकळताना उडणारे बारीक तुषार वाफेबरोबर पलीकडे पोचत होते. म्हणून इंजेक्शनचे पाणी हा वेगळाच, काटेकोर प्रकार झाला. घरी काढलेले पाणी त्या कामाला कधीही चालत नाही.

इंधनाचा खर्च टाळण्याचा मार्ग म्हणजे सूर्य. चिलीतल्या लास सालिनास इथे चार्ल्स विल्सन या अभियंत्याने १८७२ मध्ये खाणीवरच्या माणसांसाठी आणि खेचरांसाठी काचेच्या उतरत्या छपरांखाली खारे पाणी ठेवून सौर ऊर्ध्वपातनाचा कारखाना उभारला. सुमारे ४,७०० चौरस मीटर काचेतून दिवसाला वीस हजार लिटरच्या आसपास पाणी मिळे. दर चौरस मीटरमागे चार लिटर हा वेग आजही फारसा ओलांडलेला नाही, कारण एका चौरस मीटरवर दिवसभरात जेवढे ऊन पडते त्यातून याहून फार जास्त वाफ होत नाही. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हेच तंत्र खाऱ्या पाण्याच्या गावांसाठी वापरून पाहिले. गच्चीवर काळ्या ट्रेमध्ये पाणी आणि वर तिरकी काच अशी लहान पेटी ही त्याची घरगुती आवृत्ती.

सामान्य मराठी घराला ऊर्ध्वपातित पाणी विकत आणायची वेळ आली ती शिसे-आम्लाच्या बॅटरीमुळे. ही बॅटरी गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये बनवली. ती चार्ज होताना थोड्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातात, आणि तेवढे पाणी वरून घालावे लागते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घातले तर त्यातले क्लोराइड आणि लोह आत साचत जातात आणि पट्ट्या लवकर खराब होतात. ट्रक, ट्रॅक्टर, पुढे स्कूटर, असा या पाण्याचा प्रवास झाला. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर आले आणि पाण्याचा कॅन जिन्याखाली कायमचा जाऊन बसला. वाफेच्या इस्त्रीने त्याला दुसरे काम दिले.

घरी ते काढायचे तर आईन-इ-अकबरीतली रीत पुरेशी आहे. रुंद स्टीलच्या पातेल्यात पाणी, मधोमध स्टँडवर पाण्याला न टेकणारी वाटी, वर घुमटाकार झाकण पालथे, त्यावर बर्फ. आच मंद ठेवायची, कारण खळखळ उकळी आली की क्षारांचे तुषार वाटीत उडतात. पहिले थोडे पाणी टाकून द्यायचे, कारण क्लोरीनसारखे वायू आधी निघून येतात. शेवटचा चौथा हिस्सा पातेल्यातच सोडायचा, नाहीतर तळाशी खर धरते. पाणी स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत ठेवायचे. उघड्यावर ठेवले की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्याचा सामू ७ वरून साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो. त्यात बिघाड काही नाही.

खर्चाचा ढोबळ हिशेब असा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल उष्णता लागते. गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून थोडी अधिक उष्णता भांड्यात पोचते, म्हणजे लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून अगदी काटकसरीने दीडशे लिटर, आणि झाकणाखालून निसटणारी वाफ धरली तर त्याहून बरेच कमी. एवढ्यासाठी बर्फही फ्रिजमध्ये करावा लागतो, तो खर्च वेगळाच.

या हिशेबामुळेच बाजारातल्या कॅनमध्ये बहुधा ऊर्ध्वपातित पाणी नसतेच. १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम राळेवर आयन बदलून क्षार काढण्याची पद्धत दाखवली. त्यात काहीही उकळावे लागत नाही आणि काहीही गार करावे लागत नाही. बॅटरीला दोन्ही पाणी सारखेच चालते, म्हणून लेबलावर ‘डीएम वॉटर’ असले तरी दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला डिस्टिल्ड वॉटरच म्हणतात. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी मात्र या जातीचे नव्हे. त्यात थोडे क्षार उरतात, पिण्यासाठी ते उरलेलेच बरे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हे खरोखर वाफेचे पाणी आहे. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पण गार वेटोळ्यावरची धूळ, बुरशी आणि धातूचे अंश असतात, म्हणून ते पिण्याला किंवा औषधाला वापरता येत नाही.